आजोबांची तुर्की टोपी

२०२० चा रमजान आठवतो ना? मशिदी बंद, शाळा बंद, ईदची नमाजही घरातच. त्या महिन्यात आमच्या माळेगाव बुद्रुकच्या घरी तरावीह उरकली की सगळे एका मोबाइलभोवती जमायचे आणि उर्दूत आवाज दिलेली 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका लागायची. घोडे, तंबू, तलवारी आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी गद्दार निघायचा. आळीतल्या पोरांनी उसाच्या कांड्यांच्या तलवारी केल्या होत्या. आमच्या अम्मींना त्यातली जड उर्दू पुरती कळत नसे, पण एर्तुग्रुलच्या आईचे दुःख त्यांना बरोबर कळे.

एके रात्री आमची धाकटी, तेव्हा ती सहावीत होती, म्हणाली, "अब्बा, आपण तुर्क आहोत का?"

आम्हाला हसू आले. "नाही बेटा. आपण गावचे मुलाणी. बलुत्यावर जगलेली माणसं. याच मातीतली."

"मग पेटीत तुर्की टोपी कशी?"

माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. आमच्या मरहूम आजोबांची. तिच्यात त्यांची गडद लाल, काळ्या गोंड्याची टोपी आहे आणि उर्दूत लिहिलेली एक वही आहे. पोरीने दोन्ही पाहिल्या होत्या. टोपी घालून तिने आरशात पाहिले होते. वही उघडून लगेच मिटली होती, कारण तिला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. शाळेत मराठी आणि रविवारी घरी मुलांना उर्दू शिकवणाऱ्या माणसाच्या पोटच्या पोरीची ही गत. त्या रात्री आम्ही विषय बदलला. नंतर मात्र तिच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे म्हणून वाचत गेलो, आणि त्यातूनच हा लेख झाला.

आधी टोपीचे सांगतो. आपण तिला तुर्की टोपी म्हणतो, कुणी रूमी टोपी म्हणते. पण खुद्द तुर्कांकडे ती फार जुनी नाही. उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये सरकारी माणसांची पगडी काढायला लावली आणि ही टोपी दिली. पगडीवरून माणसाचा दर्जा, धंदा, धर्म ओळखू येई. टोपी सगळ्यांना सारखी. तेव्हाच्या जुन्या वळणाच्या लोकांना ही नवी, परकी फॅशन वाटली आणि त्यांनी नाके मुरडली. पुढच्या शंभर वर्षांत तीच टोपी मुसलमानी पोशाखाची खूण होऊन बसली. अलीगढला पोहोचली, हैदराबादला पोहोचली, आणि मुंबई-पुण्याहून आमच्या निरेच्या खोऱ्यातही आली.

ती इथे रुजली याला कारण होते. १९१२ मध्ये बाल्कन युद्धात तुर्क हरत होते, तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक जखमींची सेवा करायला मुंबईच्या बंदरातून निघाले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आणि त्यांचे दोस्त उस्मानी राज्याचे तुकडे करू लागले, तेव्हा खिलाफत चळवळ उभी राहिली. तिच्या मध्यवर्ती कमिटीचे ठाणे मुंबईत होते. गांधीजी, अली बंधू, सगळे त्यात होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही आहे आणि ईद-ए-मिलादचा मुंबईतला मोठा जुलूस तिथूनच निघतो. त्या काळात तुर्की टोपी घालणे म्हणजे इंग्रजाला न बोलता सुनावणे होते.

आणि मग काय झाले? २९ ऑक्टोबर १९२३ ला तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले. ३ मार्च १९२४ ला मुस्तफा कमाल यांच्या सरकारने खिलाफतच रद्द केली. ज्यासाठी इथल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले होते, ती गोष्ट तुर्कांनी स्वतःच्या हाताने मोडली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९२५ मध्ये, कायद्याने टोपीवर बंदी आली. हॅट घाला, असा हुकूम. विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशी झाली. म्हणजे आमचे आजोबा तरुणपणी ऐटीत जी तुर्की टोपी घालून बारामतीच्या बाजारात जात, ती त्या वेळी तुर्कस्तानात घालणे गुन्हा होता. त्यांना हे ठाऊक होते की नाही, आता कुणाला विचारणार?

खिलाफत गेली, पण तिची एक खूण आपल्या महाराष्ट्रात आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब खुलताबादला गेलो. हजरत बुरहानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांवर फातिहा दिली, औरंगजेबाची उघडी कबर पाहिली. बहुतेक लोक इथूनच परततात. गावाबाहेरच्या माळावर तुर्की धर्तीची घुमटाची एक इमारत आहे. तो मकबरा आहे, पण आत कुणी दफन नाही. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांच्यासाठी हैदराबादच्या निजामाने तो बांधवला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

हे अब्दुल मजीद मोठे विलक्षण गृहस्थ. खलिफा तर होतेच, शिवाय तैलचित्रे काढणारे नाणावलेले चित्रकार होते. जनानखान्यात बायका बेथोवेनचे संगीत वाजवत आहेत, असे त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. पदच्युत झाल्यावर ते फ्रान्समध्ये नीस शहरी राहिले. निजाम मीर उस्मान अली खान त्यांना दरमहा तीनशे पौंड पाठवत. १९३१ मध्ये खलिफांची एकुलती मुलगी दुर्रेशहवार हिचा निकाह निजामांच्या थोरल्या मुलाशी, आजम जाह यांच्याशी, नीसमध्येच झाला. नात्यातली निलोफर धाकट्या मुलाला दिली. इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेल्या या दोघी हैदराबादेत आल्या आणि साडी नेसू लागल्या. दोघींच्या नावाची इस्पितळे तिथे आजही चालू आहेत.

१९४४ मध्ये खलिफा पॅरिसला वारले. त्यांना इस्तंबूलमध्ये दफन करू द्या, ही विनंती तुर्की सरकारने मानली नाही. दहा वर्षे त्यांचा देह पॅरिसच्या मशिदीत राहिला आणि १९५४ मध्ये मदिनेला माती मिळाली. खुलताबादचा मकबरा तसाच रिकामा राहिला. आमच्या पोरीने विचारले, "कुणीच नाही तर फातिहा कुणाला द्यायची?" आम्ही गप्प बसलो. वारा फार होता. थोडा वेळ थांबून परत फिरलो.

टोपी आणि मकबरा ही झाली मोठ्यांची, राज्यकर्त्यांची गोष्ट. तुर्क माणूस घरात कसा राहतो, हे आम्हाला कळले ते एका माजी विद्यार्थ्याकडून. हा मुलगा संगणकाच्या नोकरीसाठी तीन वर्षे इस्तंबूलला होता. सुट्टीत गावी आला की आम्ही त्याला चहाला बोलवायचो आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचो.

त्याने पहिली गोष्ट सांगितली ती शब्दांची. "सर, तिथे पहिल्याच आठवड्यात दोनशे शब्द मला आपोआप यायला लागले." किताप, कलेम, दुन्या, इन्सान, हवा, सात म्हणजे तास, दुकान, हेसाप, बक्षिस, पेरदे, शेरबेत, पिलाव, हेलवा, पेयनीर. हे शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडे गेले आणि आपल्याकडेही आले. पण काही शब्द थेट तुर्कांचे आहेत. तोफ, कैची, चकमक, कुमक, मुचलका, बेगम, बहादूर. चकमक म्हणजे ठिणगी पाडायचा गारगोटीचा दगड, आणि आज तुर्कस्तानात सिगारेटच्या लायटरला 'चाकमाक' म्हणतात! आपल्या उर्दूचे नावही तिकडचेच. 'ओर्दू' म्हणजे लष्कर, छावणी. आजही तुर्की फौजेला हाच शब्द आहे.

तोफेवरून आठवले. विजापूरची मुलुख-मैदान तोफ सगळ्यांना माहीत असते. ती विजापूरची नाही, आपल्या अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. निजामशाहीत १५४९ मध्ये ती ओतली गेली आणि ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूम देशचा, आजच्या तुर्कस्तानाकडचा. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये विजापूरला नेली. दख्खनमध्ये तुर्क आले ते फक्त घोड्यावर बसून तलवार परजत नव्हे. भट्टीपाशी घाम गाळणारे कारागीरही आले, हे मालिका पाहणाऱ्या पोरांना आम्ही मुद्दाम सांगतो.

दुसरी गोष्ट नात्यांची. इंग्रजीत एका अंकलमध्ये काका, मामा, फुफा, खालू सगळे बसतात. तुर्कीत नाही. बापाचा भाऊ 'अमजा', आईचा भाऊ 'दायी', बापाची बहीण 'हाला', आईची बहीण 'तेय्झे'. अगदी आपल्या चुलता, मामा, आत्या, मावशीसारखे. गंमत अशी की आपण आईच्या बहिणीला खाला म्हणतो आणि ते बापाच्या बहिणीला. अनोळखी माणसालाही नावाने नाही, नात्याने हाक. रिक्षावाल्याला आपण दादा म्हणतो, तसे ते टॅक्सीवाल्याला 'आबी' म्हणतात. भाजीवालीला 'आबला', म्हणजे ताई. आमचा विद्यार्थी सांगत होता, त्याच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या तेय्झेने तो एकटा राहतो हे कळल्यापासून दर शुक्रवारी त्याच्या दाराशी वाडगे ठेवले. वाडगे रिकामे परत करायचे नाही, ही आपलीच रीत तिथेही आहे. याने पहिल्यांदा काय भरून दिले? चिवडा. बारामतीहून नेलेला.

भाकरीचे तर काय सांगावे. तिथे रस्त्यात पावाचा तुकडा पडलेला दिसला की माणूस वाकून उचलतो, ओठांना लावतो, कपाळाला लावतो आणि पायाखाली येणार नाही अशा उंच जागी ठेवतो. सुटाबुटातला माणूसही. आमच्या अम्मी पडलेली भाकरी अशीच उचलतात. बेकरीत 'आस्किदा एकमेक', म्हणजे खुंटीवरची रोटी, अशी एक चाल आहे. आपण दोन पाव घ्यायचे, तीनचे पैसे द्यायचे. तिसरा दुकानातच राहतो. गरजू येऊन विचारतो, खुंटीवर काही आहे का? दुकानदार देतो. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते. आम्हाला ही चाल फार आवडली. आमच्या गावातल्या एका पाववाल्याला आम्ही ती सांगितलीही. तो म्हणाला, "सर, इथं सगळे एकमेकांना ओळखतात, लपणार काय?" त्याचेही खरेच.

रमजान ईदला ते 'शेकेर बायरामी' म्हणतात. शेकेर म्हणजे साखर, साखरेचा सण. साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या आम्हाला हे ऐकून किती आनंद झाला म्हणून सांगू! ईदच्या सकाळी नमाज, कबरस्तान, मग घर. लहान मुले मोठ्यांच्या हाताचे चुंबन घेतात आणि तो हात आपल्या कपाळाला लावतात, मोठे त्यांच्या हातावर गोळ्या-चॉकलेट ठेवतात, पैसे ठेवतात. घरी आलेल्या पाहुण्याच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचे कोलोन शिंपडतात, आपण अत्तर लावतो तसे. शिरखुर्मा मात्र नाही, बकलावा. मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या सुमारास 'आशुरे' करतात: गहू, चणे, घेवडा, सुके अंजीर, जर्दाळू असे जे घरात असेल ते एका भांड्यात शिजवून गोड खीर, आणि ती शेजारीपाजारी वाटायची. आपल्याकडचा खिचडा तिखट, त्यांचा गोड. वाटणे दोन्हीकडे तेच.

पण त्यांची साखर उसाची नव्हे. तिथे थंडी फार, ऊस होत नाही. बीट नावाच्या कंदाची साखर करतात. तीही जुनी नाही. प्रजासत्ताक झाले तेव्हा देशात एकही साखर कारखाना चालू नव्हता. उशाक गावच्या नूरी नावाच्या एका शेतकऱ्याने गावोगाव फिरून लोकांकडून शेअर गोळा केले आणि १९२६ मध्ये कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी आल्पुल्लू इथेही एक निघाला. १९३४ मध्ये सगळ्यांनी आडनाव घेतलेच पाहिजे असा कायदा आला, तेव्हा नूरींनी आडनाव घेतले 'शेकेर'. नूरी साखरे म्हणा ना! शेअरचे पैसे जमवत फिरणे, कारखान्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचणे, हे आपल्या सहकाराच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको.

चहाचेही तसेच. कमरेत बारीक काचेच्या पेल्यातला लाल चहा म्हणजे तुर्कस्तानची ओळख. पण काळ्या समुद्राच्या काठी रिझे भागात चहाचे मळे लागले ते गेल्या शतकातच. त्याआधी तिथले पेय कॉफी होते. आपल्या पणज्यांना तरी कुठे चहा ठाऊक होता? जुनी रीत म्हणून आपण जिला कवटाळतो, ती कितीदा आजोबांच्या काळातली नवी रीत असते.

सगळे बदल मात्र चहासारखे गोड नव्हते. १९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्कीत द्यायचा हुकूम होता. १९५० मध्ये तो उठला, तेव्हा लोक रस्त्यात उभे राहून रडले असे म्हणतात. १९३४ मध्ये बायकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला, फ्रान्सच्या बायकांच्याही आधी. आणि त्याच देशात पुढे डोईवर रुमाल बांधलेल्या मुलींना विद्यापीठाच्या फाटकावर अडवले गेले. कुणी शिक्षण सोडले, कुणी परदेशी गेली, कुणी रुमालावर केसांचा टोप घालून वर्गात बसली. ही बंदी अलीकडे, २०१० नंतर, उठली. बाईने काय घालावे हे एकदा टोपीवाल्यांनी ठरवले, एकदा हॅटवाल्यांनी. आमच्या शाळेत येणाऱ्या मुलींकडे पाहून आम्हाला ही गोष्ट वारंवार आठवते.

आणि लिपी. इथे आमचे, उर्दू शिकवणाऱ्याचे, दुखणे आहे. १ नोव्हेंबर १९२८ ला तुर्कस्तानने अरबी लिपी सोडली आणि लॅटिन अक्षरे घेतली. दोन-तीन महिन्यांत वर्तमानपत्रे, पाट्या, पुस्तके, सगळे बदलले. मुस्तफा कमाल स्वतः फळा-खडू घेऊन गावोगाव फिरले. निष्पक्षपणे सांगायचे तर त्यात फायदा झाला. तुर्की भाषेत आठ स्वर आहेत आणि अरबी अक्षरांत ते मावत नव्हते. तेव्हा लिहितावाचता येणारे दहा टक्क्यांच्या आसपास होते. नव्या अक्षरांनी शिकणे सोपे झाले. शिक्षक म्हणून आम्ही हे नाकारू शकत नाही. पण जे गेले तेही पाहा. आमचा विद्यार्थी सांगत होता, कार्यालयातल्या एका सहकाऱ्याबरोबर तो इस्तंबूलच्या जुन्या कबरस्तानात गेला. दगडावर कोरलेली अक्षरे त्या तुर्काला वाचता येईनात. आमच्या विद्यार्थ्याने, ज्याने आमच्याकडे रविवारी दोन वर्षे उर्दू गिरवली होती, मृताचे नाव आणि सन अडखळत वाचून दाखवले. तो तुर्क त्याच्याकडे बघतच राहिला.

आपण तुर्कांना हसू नये. आपल्या मराठीतही मोडी होती. पेशव्यांचे दप्तर मोडीत, जमिनीचे जुने कागद मोडीत. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत ती शाळांतून गेली आणि आज वारसाचा एखादा जुना कागद लागला की लोक मोडी वाचणारा शोधत फिरतात. आणि आमच्या घरात तर कुणी कायदाही केला नव्हता. मुलांना इंग्रजी हवी, मराठी परीक्षेला लागते, अरबी कुरआनपुरती. उर्दूला वेळ राहिला नाही. तुर्कांचे एका हुकुमाने झाले ते आमचे आळसाने झाले.

खुलताबादहून आल्यावर पोरगी स्वतःहून म्हणाली, "अब्बा, वही काढा." आता ती रविवारी बाकीच्या मुलांबरोबर बसते. आधीपासून अरबी अक्षरे येत असल्याने पुढे लवकर सरकली. फक्त आजोबांचे वळण घाईचे, नुक्ते कुठेही पडलेले. परवा तिने १९४१ सालचे एक पान लावून दाखवले. घरात सगळे जमलो होतो. तिने बोट ठेवून हळूहळू वाचले: गूळ, ढेपी दोन. कंदिलाची काच. मग थोडी अडली आणि म्हणाली, "टोपी का घोडा, दो आने."

अम्मी म्हणाल्या, "दो आने में घोडा? तेरे पडदादा इतने अकलमंद थे?"

आम्ही वही हातात घेतली. घोडा नव्हे, गोंडा.